स्टोव्हची जागा ठरवण्याआधी चिमणीची रेष ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर अजून कागदावर आहे. मुख्य भाग दुमजली, त्याला लागून एकमजली बैठकीची खोली, लाकडी सांगाडा, उतरतं छप्पर. लाकूड जाळणारा स्टोव्ह बैठकीच्या बाहेरच्या भिंतीशी ठेवायचा, पाइप त्याच भिंतीतून बाहेर काढायचा आणि घराच्या अंगाबाहेरून वर न्यायचा, असा बेत आहे. असं केलं की छपराला भोक पडत नाही आणि वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीतून चिमणी न्यावी लागत नाही. हे चालेल का, आणि पाइपमध्ये डँपर, म्हणजे धुराची वाट कमी-जास्त करणारी फिरती चकती, हवा का?

चालेल, पण रोज त्रास देईल. घर बांधून झालेलं असतं तर मी कदाचित याच मार्गाने काहीतरी जमवून दिलं असतं. पण अजून एक वीटही बसलेली नाही, तेव्हा ही तडजोड करायचं काही कारण नाही. बहुतेक लोक आधी स्टोव्ह कुठे शोभेल ते ठरवतात आणि मग चिमणी कशी न्यायची ते बघतात. मी क्रम उलटा धरतो. छपरावर चिमणी जिथून बाहेर पडायला हवी तो बिंदू आधी पकडायचा, तिथून सरळ खाली यायचं आणि ती रेष जमिनीला टेकेल त्याच्या आसपास स्टोव्ह ठेवायचा. स्टोव्ह दोन फूट सरकला तर फक्त सोफा हलवावा लागतो. चिमणी दोन फूट सरकवायची तर वाकणं येतात आणि त्यांच्यामागून सगळ्या कटकटी.

चिमणी धूर ओढते म्हणजे नक्की काय होतं, ते एकदा आकड्यांत बघा. आतला गरम वायू बाहेरच्या थंड हवेपेक्षा हलका असतो, तो वर जातो आणि त्याच्या जागी स्टोव्हमधून नवी हवा ओढली जाते. या ओढीला दोनच गोष्टी लागतात: उंची आणि तापमानातला फरक. १६ फूट, म्हणजे साधारण ५ मीटरची चिमणी धरा. बाहेर १० अंश आणि चिमणीत सरासरी २०० अंश सेल्सिअस असेल, तर ओढ येते सुमारे २५ पास्कल (पास्कल हे दाब मोजायचं एकक). तोच वायू वाटेत थंड होऊन सरासरी १०० अंशांवर आला, तर ती १५ पास्कलपर्यंत उतरते. यातून घर्षण आणि वाकणांची वजाबाकी अजून व्हायचीच आहे. युरोपात स्टोव्हच्या चाचण्या साधारण १२ पास्कल ओढीवर घेतल्या जातात, म्हणजे हाताशी फार काही शिल्लक राहत नाही. आणि २५ पास्कल म्हणजे तरी किती? अडीच मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराचा दाब. एवढ्याशा जोरावर अख्खी यंत्रणा चालते, म्हणून ती इतक्या क्षुल्लक कारणांनी बिघडते.

आता बाहेरच्या चिमणीचं दुखणं. थंडीत आतून गरम असलेलं घर स्वतःच एक चिमणी असतं. गरम हवा वरच्या मजल्यावर जमते, तिथल्या फटींतून बाहेर जाते आणि तळमजल्यावर त्या प्रमाणात बाहेरची हवा आत ओढली जाते. आत २० अंश, बाहेर शून्य आणि घराची उंची ६ मीटर असेल, तर घराच्या तळापासून माथ्यापर्यंत मिळून साधारण ५ पास्कलचा फरक पडतो. त्यातला निम्मा, म्हणजे अडीचएक पास्कल, तळमजल्यावर ओढ म्हणून जाणवतो. स्टोव्ह विझलेला आहे आणि चिमणी घराबाहेर उभी आहे. तिच्या आतली हवा बाहेरच्या हवेइतकीच थंड, म्हणजे तिची ओढ शून्य. अडीच विरुद्ध शून्य. घर जिंकतं आणि चिमणीतून थंड हवा खाली उतरून खोलीत येते.

ज्यांच्याकडे अशी चिमणी आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. सकाळी स्टोव्हचं दार उघडलं की चेहऱ्यावर गार झोत येतो, त्याला ओल्या काजळीचा वास असतो. कागद पेटवला की ज्वाळा वर जायच्या ऐवजी दाराकडे झुकते आणि धूर खोलीत पसरतो. मग कोणी आधी खिडकी उघडतं, कोणी पाइपच्या तळाशी कागदाचा बोळा जाळून चिमणी ‘जागी’ करतं. मला अशा घरी बोलावलं जातं तेव्हा स्टोव्ह बदलायची तयारी करून बसलेली माणसं भेटतात. स्टोव्हमध्ये दोष नसतोच. परीक्षा करायची असेल तर स्टोव्ह गार असताना दार किंचित उघडून फटीशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर ठीक. खोलीकडे वळला तर चिमणी उलटी वाहते आहे. घराच्या आतून जाणारी चिमणी मात्र स्टोव्ह बंद असतानाही घराच्या ऊबेत असते, म्हणून तिला थोडी ओढ कायम राहते आणि पहिल्या काडीला जाळ धरतो.

तुमच्या आराखड्यात आणखी एक खोच आहे. चिमणी बाहेरून न नेता बैठकीच्या एकमजली छपरातून काढली, तरी तिचं तोंड शेजारच्या दुमजली भागाच्या खाली राहतं. म्हणजे घर चिमणीपेक्षा उंच. वर सांगितलेली शर्यत मग चिमणी आतून नेऊनही हरायची शक्यता राहते. शिवाय वारा दुमजली भिंतीवर आपटून खाली वळतो आणि नेमका त्या ठेंगण्या छपरावर दाब वाढवतो, मग वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर स्टोव्ह धूर ओकतो. म्हणून माझा सल्ला असा की स्टोव्ह मुख्य दुमजली भागात घ्या, बैठकीला लागून असलेल्या आतल्या भिंतीजवळ. मधली भिंत शक्य तेवढी मोकळी ठेवली तर ऊब दोन्हीकडे जाते. जिना जवळ असेल तर वरच्या मजल्यालाही वाटा मिळतो, मात्र जिन्याच्या अगदी तोंडाशी ठेवू नका, नाहीतर सगळी ऊब सरळ वर पळेल आणि तुम्ही खाली शाल घेऊन बसाल.

आता माथ्यापासून सुरुवात करू. चिमणी आढ्याजवळून बाहेर काढा. उंचीचा प्रचलित ठोकताळा असा आहे: चिमणी छपरातून जिथे बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर, आणि आडव्या रेषेत १० फुटांच्या आत घराचा जो कुठला भाग येईल त्याच्यापेक्षा किमान २ फूट उंच. एका उदाहरणाने स्पष्ट होईल. छप्पर प्रत्येक फुटाला अर्धा फूट चढतं असं धरा. चिमणी आढ्यापासून ८ फुटांवर बाहेर काढली, तर आढं तिथून ४ फूट वर आहे, त्यात २ मिळवले, म्हणजे छपरावर ६ फूट पाइप उभा. तीच चिमणी आढ्यापासून फूटभर अंतरावर काढली तर ३ फुटांत काम भागतं. छपरावर ५ फुटांपेक्षा जास्त उंच पाइप आला की त्याला तिरके आधार द्यावे लागतात, आणि आधारांचे स्क्रू म्हणजे छपराला आणखी भोकं. वर जेवढा पाइप उघड्यावर तेवढा तो थंड, हेही आहेच. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी तर वळचणीकडचा पाइप घसरणाऱ्या बर्फाच्या वाटेतच उभा राहतो. छपराचे दोन उतार जिथे खाली मिळतात त्या खोबणीतून चिमणी कधीच काढू नका. पाणी सगळं तिथेच येतं.

गळतीची तुमची भीती मला समजते, पण ती अवाजवी आहे. आढ्याजवळच्या भोकावर वरून येणारं पाणीच कमी असतं. फ्लॅशिंगचा, म्हणजे भोकाभोवती पाणी अडवणाऱ्या पत्र्याचा, वरचा भाग छपराच्या आवरणाखाली आणि खालचा भाग आवरणाच्या वर बसवला, त्यावर पाइपभोवती पावसाची कॉलर आवळून तिची कड सील केली, की ते छप्पर टिकेल तोवर टिकतं. बहुतेक गळती सीलंट फासून वेळ मारून नेलेल्या ठिकाणी होते.

माथ्याचा बिंदू मिळाला की तिथून ओळंबा सोडायचा. कागदावर असताना हे तीन नकाशे एकावर एक ठेवून करायचं: छपराच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), वरच्या मजल्याची जमीन, खालची खोली. इथे मी तुम्हाला एक हिशोब दाखवतो, कारण साइटवर सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात. ६ इंची चिमणी, तिच्या भोवती इंचभर उष्णतारोधक थर, म्हणजे बाहेरून ८ इंच. ज्वलनशील वस्तूंपासून साधारण २ इंच मोकळी जागा सगळ्या बाजूंनी, म्हणजे १२ इंचाचा चौकोन मोकळा हवा. जमिनीच्या तुळया मध्य ते मध्य १६ इंचांवर आणि दीड इंच जाड असतील, तर त्यांच्यामधली फट साडेचौदा इंच. १२ इंचांचा चौकोन त्यात बसतो, पण चिमणीचा मध्य जेमतेम सव्वा इंच इकडे नाहीतर तिकडे सरकू शकतो. छपराच्या कैच्या २४ इंचांवर असतील तर फट साडेबावीस इंच, तिथे दोन्ही बाजूंना सव्वापाच इंच मोकळीक मिळते. म्हणजे चिमणीची जागा प्रत्यक्षात मजल्याच्या तुळया ठरवतात, आणि त्या कैच्यांच्या फटीशी जुळत नसतील तर आत्ताच, कागदावरच, एखादी तुळई तीन इंच सरकवून घ्यायची. आज ते एका रेघेचं काम आहे. तुळया टाकून झाल्यावर सुताराला तुळई कापून आडवा तुकडा घालावा लागतो, आणि तेही फक्त तुळईच्या बाबतीत. कारखान्यातून बनून आलेली कैची कोणी कापायची नसते. तिच्यातला प्रत्येक तुकडा भार वाहतो.

हिशोबातले २ इंच रिकामेच ठेवायचे असतात. घर उबदार ठेवण्याच्या नादात माळ्यावर इन्सुलेशन पसरणारी माणसं ती फट हमखास भरून टाकतात. तिथली हवा खेळती राहिली तरच लाकूड थंड राहतं. फटीत काही कोंबलं की उष्णता अडते आणि शेजारचा वासा वर्षानुवर्षं भाजत राहतो. असं भाजलेलं लाकूड हळूहळू कोळशासारखं होत जातं आणि मग ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेतं. म्हणूनच ‘दहा वर्षं काही झालं नाही’ हा पुरावा धरू नये. माळ्यावर चिमणीभोवती पत्र्याचा संरक्षक गळा मिळतो, तो इन्सुलेशनच्या थराच्या वर येईल एवढा उंच बसवून घ्या. प्रत्येक मजल्याच्या छतात आग अडवणारी पत्र्याची तबकडी लागते. चिमणीच्याच कंपनीची, त्याच मॉडेलची घ्या. दोन कंपन्यांचे तुकडे एकमेकांत बसतात असं वाटलं तरी बसवायचे नसतात, त्यांची चाचणी एकत्र झालेली नसते.

झोपायच्या खोलीतून जाताना चिमणी उघडी ठेवता येत नाही. तिच्याभोवती चारी बाजूंनी पेटी बांधायची, आतून तेच २ इंच सोडून. साधारण दीड फूट बाय दीड फुटाचा खांब होईल. तो खोलीच्या मधोमध आला तर डोळ्यांत खुपतो, म्हणून मी तो कपाटाच्या कोपऱ्याला किंवा दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत जिरवतो. तुमच्या आराखड्यात वरच्या दोन झोपायच्या खोल्यांमधली भिंत जवळपास आढ्याखालीच येते, म्हणजे जागा आयतीच आहे. गेलेली जागा ढोबळ सव्वादोन चौरस फूट. रोज सकाळी धुराशी झुंजण्यापेक्षा हा सौदा मला स्वस्त वाटतो. बाजूला कपाट असेल तर पेटीच्या भिंतीला भोक पाडून खिळे-हुक ठोकायचे नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

स्टोव्हपासून छतापर्यंतचा पाइप वेगळा असतो. एकेरी पत्र्याचा पाइप फक्त त्याच खोलीत, डोळ्यांसमोर चालतो. छत, भिंत, माळा, कपाट यांतून तो न्यायचा नाही. त्याला ज्वलनशील भिंतीपासून १८ इंच अंतर लागतं. दुहेरी पत्र्याच्या पाइपला बहुधा ६ इंच पुरतात, नेमका आकडा त्या पाइपच्या पुस्तिकेतून घ्यायचा. मी दुहेरीच सुचवतो, विशेषतः छत उंच असेल तर. एकेरी पाइप खोलीला जास्त ऊब देतो म्हणून काहीजण तो मुद्दाम लांब ठेवतात. पण ती ऊब चिमणीच्या ओढीतूनच कापून घेतलेली असते. शिवाय धूर साधारण १२० अंशांच्या खाली आला की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्यं आतल्या बाजूला धरायला लागतात. हेच क्रिओसोट. ते पुरेसं साठलं आणि एखाद्या दिवशी जोरात जाळ केला की चिमणीच्या आतच आग लागते, १००० अंशांच्या वर जाणारी. ओली लाकडं, गुदमरवलेला जाळ आणि थंड चिमणी या तिघांची ही करणी. ओलाव्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली असलेलं लाकूड जाळा. चिमणीच्या मार्गाने तिसरं कारण तरी आत्ताच निकालात निघतं.

पाइपच्या जोडांची दिशा लोकांना उलटी वाटते. चुणीदार, आत जाणारं टोक खालच्या बाजूला, स्टोव्हकडे तोंड करून यायला हवं. म्हणजे आत कुठे ओघळ आलाच तर तो पाइपच्या आतूनच स्टोव्हमध्ये पडतो आणि जळून जातो. उलटं बसवलं तर प्रत्येक सांध्यातून काळे ओघळ बाहेर येतात. धूर मात्र त्या सांध्यातून बाहेर येत नाही, कारण चिमणी नीट चालत असेल तर आतला दाब खोलीपेक्षा कमीच असतो. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू.

वाकणं: शून्य असतील तर उत्तम. नाइलाज झाला तर ९० अंशांच्या एका कोपऱ्यापेक्षा ४५ अंशांची दोन वाकणं बरी. तयार चिमणीला किती अंशांपर्यंत आणि किती वाकणं चालतात हे तिच्या पुस्तिकेत असतं. काही ठिकाणच्या नियमांत ही मर्यादा ३० अंश आहे, काही ठिकाणी ४५.

सगळं ऐकूनही भिंतीतूनच न्यायचं ठरलं, तर निदान एवढं करा. स्टोव्हच्या माथ्यावरून पाइप जमेल तितका सरळ वर न्या, मग वळवा. आडवा तुकडा शक्य तेवढा आखूड आणि बाहेरच्या दिशेने फुटाला पाव इंच चढता. भिंतीतून जाताना उष्णतारोधक चिमणी आणि तिचं ठरलेलं भिंतीचं कवच. बाहेर टी-जोड, खाली साफसफाईचं झाकण, आणि उभी चिमणी उघडी न ठेवता इन्सुलेशन केलेल्या बंदिस्त पेटीत.

व्यास स्टोव्हच्या तोंडाइतकाच. तोंड ६ इंची तर चिमणी ६ इंची, माथ्यापर्यंत. ‘मोठी घेऊ, ओढ वाढेल’ हा समज फार पक्का आहे. ८ इंची पाइपचं क्षेत्रफळ ६ इंचीच्या पावणेदोन पटीहून थोडं जास्त भरतं, म्हणजे तोच धूर जवळपास निम्म्या वेगाने रेंगाळत, थंड होत वर जातो. एकूण उंची स्टोव्हपासून माथ्यापर्यंत किमान १५ फूट धरा. दुमजली भागातून गेलात तर ती आपोआप मिळते.

नवी घरं हवाबंद असतात, म्हणून हवेचंही आत्ताच बघा. ताशी २ किलो लाकूड जाळणाऱ्या स्टोव्हला साधारण १५ ते २५ घनमीटर हवा पुरते. स्वयंपाकघरातला दणकट हूड ताशी ६०० घनमीटरच्या पुढे हवा बाहेर फेकतो. घट्ट घरात तो हूड चालू झाला की हवा आत यायला सगळ्यात सोपी वाट उरते ती चिमणीची. उपाय म्हणजे हूड लहान घ्या किंवा हूडबरोबरच उघडणारी ताज्या हवेची झडप लावा. स्टोव्हला थेट बाहेरून हवा देणारी नळी अनेक मॉडेलना लावता येते आणि काही नियमांत ती सक्तीची आहे, पण बिघडलेली चिमणी ती दुरुस्त करत नाही. नळी स्टोव्हपेक्षा वरच्या पातळीवर नेऊ नका. ती उलटी वाहिली तर स्वतःच चिमणी होते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्हच्या खोलीत एक आणि झोपायच्या खोल्यांपाशी एक, यात चर्चा नाही.

साफसफाईला कोण कुठून हात घालणार हेही कागदावर विचारा. सरळ चिमणीत ब्रश खालूनच चढवता येतो, छपरावर जावं लागत नाही. त्यासाठी स्टोव्हच्या वरचा पाइपचा तुकडा एकमेकांत सरकणारा घ्या, म्हणजे स्टोव्ह न हलवता तो उचलून बाजूला करता येतो. आतला थर पाव इंच होण्याची वाट बघू नका, त्याच्या निम्म्यावरच ब्रश फिरवा. पहिल्या हंगामात महिन्यातून एकदा चिमणीच्या माथ्यावरच्या टोपीकडे नजर टाका, विशेषतः तिला ठिणग्या अडवणारी जाळी असेल तर. चिमणी स्वच्छ असूनही स्टोव्ह धुरकट झाला तर नव्वद टक्के जाळीच तुंबलेली असते.

वास्तुविशारदाला आता द्यायच्या गोष्टी: स्टोव्हची आणि चिमणीची निवडलेली मॉडेलं, दोन्हींच्या पुस्तिकांतली अंतरं, आणि तिन्ही पातळ्यांवर तोच एक मध्यबिंदू. तुमच्या भागातले बांधकामाचे नियम आणि विमा कंपनीच्या अटी यांतला जो आकडा जास्त कडक असेल तो धरायचा. मी इथे दिलेली अंतरं आराखडा आखण्यापुरती आहेत, बसवताना पुस्तिकेचा शब्द अंतिम. आणि भिंतींची पेटी बंद करण्याआधी तपासणी करून घ्या, सोबत प्रत्येक मजल्यावरच्या फटीचे फोटो काढून ठेवा.

राहिला डँपर. आजच्या बंद दाराच्या स्टोव्हला हवेची स्वतःची कळ असते, आणि १६ ते २० फुटांच्या सरळ चिमणीला पाइपमधला डँपर बहुधा लागत नाही. तुमची रेष दोन मजले आणि माळा ओलांडून २५-३० फुटांवर गेली, तर कडाक्याच्या थंडीत ओढ इतकी वाढू शकते की कळ पूर्ण बंद करूनही जाळ आवरत नाही. तसं होतंय असं दिसलं आणि स्टोव्हची पुस्तिका परवानगी देत असेल, तर तेव्हा एक डँपर बसवा. खोलीतल्या पाइपमध्ये तो नंतरही बसवता येतो, म्हणून आज त्याच्यावर खर्च करू नका.